टरफलाचा हिशेब

नाचणी खाल्ली की हाडं मजबूत होतात, हे कोकणात लहान मुलालाही ठाऊक असतं. त्याच विश्वासानं आमच्या घरी चिंगीलाही नाचणी मिळायची. चिंगी ही तपकिरी रंगाची संकरित कोंबडी. तांदळाची कणी, उरलेला भात, भाकरीचे तुकडे आणि मूठभर नाचणी हे तिचं रोजचं खाणं. दिवसभर परसात मोकळं फिरणं, पालापाचोळा उकरून किडे टिपणं होतंच. अशा कोंबडीला कशाची उणीव पडेल, असं कुणाच्या मनातही येत नाही.

उणीव पडते ती कॅल्शियमची, आणि ती आकड्यांतच नीट दिसते. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. माणसाच्या ताटात ही मोठी गोष्ट. अंड्याच्या एका टरफलात मात्र दोन ग्रॅमहून अधिक कॅल्शियम असतं आणि कोंबडी दिवसाला जेमतेम शंभर-सव्वाशे ग्रॅम खाते. निव्वळ नाचणीवर राहिली आणि त्यातला कण न् कण अंगी लागला, तरी एका टरफलापुरतं कॅल्शियम जमायला तिला पाच-सहा दिवस लागतील. प्रत्यक्षात सगळं अंगी लागत नाही. तांदूळ, ज्वारी, मका यांच्यात तर कॅल्शियम नावापुरतंच असतं.

पाळीव कोंबडीची पूर्वज तांबडी रानकोंबडी. ती वर्षाकाठी दहा-पंधरा अंडी घालते, तेवढ्याला रानातलं खाणं पुरतं. माणसानं निवडून निवडून तयार केलेल्या अंड्यांच्या जाती वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देतात. म्हणजे अशी कोंबडी वर्षभरात सहाशे ग्रॅमहून जास्त कॅल्शियम टरफलांतून बाहेर टाकते, आणि तिचं स्वतःचं वजन असतं दीड-दोन किलो! परसात फिरते म्हणून तिला सगळं आपोआप मिळतं, हा समज गावठी कोंबडीच्या काळातला आहे. संकरित कोंबडी घरी आणली की तो सोडावा लागतो.

एक अंडं तयार व्हायला साधारण पंचवीस तास लागतात. बलक सुटतो, अंडनलिकेतून सरकताना त्यावर पांढरं चढतं, मग पातळ पापुद्रे, आणि शेवटचे वीसएक तास ते कवचग्रंथीत मुक्काम करतं. टरफल तिथं चढतं आणि त्यातलं बरंचसं काम रात्री होतं, कोंबडी दांडीवर झोपलेली असताना. त्या वेळी आतड्यात कॅल्शियम नसेल, तर ते हाडांतून काढलं जातं. तलंग अंड्यावर येण्याच्या दोनएक आठवडे आधी तिच्या लांब हाडांच्या पोकळीत यासाठी वेगळा साठा तयार होऊ लागतो. खाण्यातून भरपाई झाली तर तो साठा पुन्हा भरतो. झाली नाही तर हाडं झिजत जातात, आणि तरीही बरेच दिवस अंडी सुरूच राहतात. हे मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारं वाटतं. टोपलीत अंडं दिसतंय, म्हणजे कोंबडी ठणठणीत आहे, असं मुळीच नाही.

चिंगीच्या बाबतीत खुणा क्रमानं आल्या. आधी टरफल खरखरीत झालं, मग बोटाच्या दाबानं चेपेल इतकं पातळ. एका सकाळी दांडीखाली नुसत्या पापुद्र्यातलं, बिनकवचाचं अंडं पडलेलं सापडलं. नव्यानं अंड्यावर आलेल्या तलंगेचं एखादं अंडं असं निघतं, त्याची काळजी नको. जुनी कोंबडी असं अंडं देऊ लागली की मात्र लक्ष घालायलाच हवं. त्यानंतर चिंगी अंड्याच्या टोपलीत जाऊन बसायची, उठायची, पुन्हा बसायची. अंडं नाही. दुपारपर्यंत पिसं फुगलेली, शेपटी खाली पडलेली, तुरा फिकट. चालताना अंग उभं धरून पाय फाकवत होती, आणि मागचा भाग थोड्या थोड्या वेळानं आत-बाहेर होत होता.

‘खुडूक झाली असेल, गार पाण्यात बुडवून काढा,’ असं शेजारच्या काकू म्हणाल्या. खुडूक मोडायला गावोगाव हाच उपाय करतात. पण खुडूक आणि अंडं अडकणं यांतला फरक ओळखता आला नाही, तर कोंबडी हातची जाऊ शकते. खुडूक कोंबडी टोपलीतून हलत नाही, हात नेला की पिसं फुलवून गुरगुरते, टोचते. डोळ्यांत तेज असतं आणि ती कुंथत नाही. अंडं अडकलेली कोंबडी मलूल असते, हाताला विरोध करत नाही, जोर लावते आणि थकून डोळे मिटते. तिला गार पाण्यात बुडवणं म्हणजे आधीच दमलेल्या जिवाला आणखी धक्का देणं.

अंडं बाहेर ढकलणारे स्नायू आकुंचन पावायलाही कॅल्शियमच लागतं. म्हणून पातळ टरफल आणि अडकलेलं अंडं ही बरेचदा एकाच उणिवेची दोन रूपं असतात. फार मोठं किंवा दोन बलकांचं अंडं, अंगावर चढलेली चरबी, वाढलेलं वय, अंडनलिकेचा संसर्ग ही इतर कारणं. कारण कुठलंही असो, अंडं दिवस-दोन दिवस आत राहिलं तर जिवावर बेततं.

पशुवैद्यक येईपर्यंत घरी करण्याजोगं थोडंच आहे, पण ते उपयोगाचं आहे. पोटापर्यंत येईल इतक्या कोमट पाण्यात कोंबडीला पंधरा-वीस मिनिटं धरून बसवावं, मग नीट कोरडं करून उबदार, अंधाऱ्या, शांत जागी डालग्याखाली ठेवावं. पाणी जवळ हवं. इतर कोंबड्या लांब हव्यात, कारण मागच्या बाजूला लाल मांसल भाग दिसला की त्या टोचून टोचून जखम करतात. पोट दाबू नये. बोट किंवा काडी घालून अंडं फोडू नये. टरफलाच्या धारेनं अंडनलिका आतून चिरते, बलक पोटात सांडला तर संसर्ग पसरतो आणि त्यातून वाचणं अवघड असतं. चिंगीला डॉक्टरांनी तपासून कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं. रात्री अंडं पडलं, चेपलेलं आणि जवळजवळ बिनकवचाचं. प्रत्येक कोंबडीला इतका वेळ मिळत नाही.

खरा उपाय खाण्याच्या भांड्यात आहे. अंड्यावरच्या कोंबडीचं मुख्य खाणं ‘लेयर’ खाद्यच असावं. त्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असतं. दुकानदार मांसाच्या कोंबड्यांचं खाद्य देऊ करतो, त्यात ते एक टक्क्याच्या आसपास असतं, तेव्हा पोत्यावरची चिठ्ठी वाचून घ्यावी. भात-भाकरी संध्याकाळी मूठभर, हौसेपुरती. शेवग्याचा पाला चांगला. पालकातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवतं, म्हणून तो रोज नको.

याच्या जोडीला वेगळ्या वाटीत शिंपल्यांचा भरड चुरा ठेवावा. कोकणात तिसऱ्या-कालवांची टरफलं फेकूनच दिली जातात. धुऊन, वाळवून, कुटली की काम झालं. पीठ करू नये. जाड तुकडे पोटात हळूहळू विरघळतात आणि रात्री, टरफल चढताना, कॅल्शियम पुरवत राहतात. म्हणून वाटी दुपारनंतर भरलेली असणं महत्त्वाचं. अंड्यांची टरफलंही चालतात, मात्र भाजून आणि बारीक तुकडे करून, नाहीतर कोंबडी स्वतःचीच अंडी फोडून खायला शिकते. पानाचा चुना कधीच देऊ नये, तो दाहक असतो. आणि हा चुरा सगळ्यांच्या खाद्यात मिसळायचा नाही. कोंबडी आपल्या गरजेप्रमाणे वाटीतून टिपते, पण कोंबडा आणि पिल्लं यांना जास्तीचं कॅल्शियम सोसत नाही, त्यांची मूत्रपिंडं बिघडतात.

कॅल्शियम अंगी लागायला ‘ड’ जीवनसत्त्व हवं, म्हणजे ऊन हवं. काचेतून आलेलं ऊन त्या कामाचं नाही. पावसाळ्यात उघडीप मिळाली की खुराड्याचं दार उघडावं.

वाटीत शिंपले असूनही टरफल पातळच निघालं, तर कारण दुसरीकडे शोधावं. कडक उन्हाळ्यात कोंबडी धापा टाकते. त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि टरफलाला लागणारं कार्बोनेट कमी पडतं. तिथं सावली आणि गार पाणी हाच उपाय. सुरकुतलेली, वेडीवाकडी अंडी, पाण्यासारखं पांढरं, सोबत शिंका किंवा घरघर असेल, तर मानमोडी किंवा श्वासनलिकेचा विषाणूजन्य आजार असू शकतो आणि बाकीच्या कोंबड्याही धोक्यात असतात.

डॉक्टरांना बोलावताना (१९६२ या निःशुल्क क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची चौकशी करता येते) चार गोष्टी तयार ठेवाव्यात: शेवटचं अंडं कधी पडलं, त्याचं टरफल कसं होतं, कोंबडीचं वय, आणि ती रोज नेमकं काय खाते. औषध दिलं, तर अंडी किती दिवस खायची नाहीत हेही त्याच वेळी विचारून घ्यावं.