आखाडातला घरचा कोंबडा

फलटण

चि. मुक्ता हिस,


माउलींची पालखी विमानतळाच्या मैदानावरून बरडकडे हलली, गावातली गर्दी ओसरली, तेव्हा तुझं पत्र निवांत वाचलं. आखाडात सासरची आठ माणसं जेवायला येणार आणि तुला घरचे कोंबडे करायचेत, हे वाचून बरं वाटलं. मागच्या खेपेला मटण चामड्यासारखं चिवट लागलं म्हणतेस आणि मसाला कोणता घालू असं विचारतेस. मसाल्याचं शेवटी सांगते. त्यानं फारसं बिघडत नाही, बिघडतं ते त्याच्या आधी.

पहिलं म्हणजे कापायचं कोणाला. पिलांत निम्मे नर निघणारच. आठ-दहा कोंबड्यांमागं एक नर पुरे, बाकीचे नुसते भांडतात आणि दाणे संपवतात. त्यातले सहा-आठ महिन्यांचे दोन निवड. गावरान नर जिवंत दीड-दोन किलोचा असला तरी साफ केल्यावर किलो-सव्वा किलोच हाती लागतो, म्हणून आठ माणसांना एकात भागणार नाही. पायामागचा काटा बुटका, बोथट असेल तर नर कोवळा. काटा लांब आणि टोकदार झाला असेल तर जून. छातीच्या हाडाचं खालचं टोक बोटानं दाबून बघ, कोवळ्याचं लवतं. तलंगीला हात लावू नकोस, ती उद्या अंड्यावर येईल. आणि मलूल बसलेलं, नाक गळणारं, मान वाकडी करणारं पाखरू कधीही चुलीवर चढवायचं नाही. मानमोडी असो की आणखी काही, ‘मरायच्या आत खाऊन टाकू’ ही जुनी काटकसर मला कधीच पटली नाही. जंताचं किंवा दुसरं औषध दिलं असेल तर मांसासाठी किती दिवस थांबायचं ते बाटलीवर लिहिलेलं असतं, ते वाच.

तुझी पिलं बाजारातून आणलेली आहेत, म्हणून एक शंका. गिरिराजा आणि वनराजा या जाती बंगळूर-हैदराबादकडच्या संशोधनातून आल्या. रंगीबेरंगी असतात, म्हणून बाजारात सर्रास गावरान म्हणून खपतात. तीन-चार महिन्यांतच पाखरू दोन किलोच्या आसपास गेलं असेल तर ते गावरान नव्हे. वाईट वाटून घेऊ नकोस, खायला चांगलंच असतं. फक्त शिजायला निम्मा वेळ लागतो, एवढं धरून चाल. जावईबापूंना कडकनाथ पाळायची हौस आली आहे असं कळलं. झाबुआच्या कडकनाथला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि पुढच्याच वर्षी आपल्या सांगली-साताऱ्याकडे त्याच्या योजनांत माणसांचे पैसे बुडाले. हौसेपुरते दोन-चार पाळा, त्यापुढं जाऊ नका.

आदल्या संध्याकाळपासून दाणा बंद, पाणी चालू. पोट रिकामं असलं की साफ करताना घाण होत नाही. दिवसा अंगणभर पाठलाग करून धरायचं नाही. कोंबडीला अंधारात दिसत नाही, रात्रीच खुराड्यातून उचलून वेगळ्या डालग्याखाली ठेव. कापायला आमच्याकडे मुलाणी येतात, तुमच्याकडेही कुणी असतील. धारदार सुरी, एक झटका, आणि सगळं रक्त निथळेपर्यंत उलटं धरायचं. मुलांना बघू द्यायचं की नाही ते तू ठरव. मला आमच्या आईनं आत पाठवलं नव्हतं.

पिसांसाठी उकळतं पाणी ओतू नकोस, कातडी शिजते आणि फाटते. तीन भाग उकळतं, दोन भाग गार, एवढं मिसळलं की पुरे. मिनिटभर बुडवून ठेव, शेपटीचं पीस ओढून बघ, सहज आलं की काढायला लाग. उरलेली लव जाळावर फिरवून होरपळायची, मग हळद चोळून धुवायचं. दुकानवाले कातडी सोलून टाकतात. आपण ठेवायची, चव तिच्यातल्या चरबीत असते. गळ्यातली दाण्याची पिशवी आणि शेपटाच्या बुडाची तेलाची गाठ काढून टाक. काळजाला चिकटलेली हिरवी पित्ताची पिशवी मात्र जपून. ती फुटली की कडू लागलेला तुकडा धुऊन सुधरत नाही, कापून टाकावा लागतो. धुताना नळ जोरात सोडू नकोस, शिंतोडे ओट्यावरच्या कोथिंबिरीपर्यंत जातात. सुरी-पाट लगेच साबणानं धू.

आता तुझ्या चिवटपणाचं. पाखरू कापल्यावर थोड्याच वेळात अंग ताठरतं आणि काही तासांनी आपोआप सैल होतं. तू बहुतेक नेमकं ताठरलेलं असताना शिजवलंस आणि ब्रॉयलरच्या हिशेबानं अर्ध्या तासात उतरवलंस. ब्रॉयलर सहा आठवड्यांचं पिलू, त्याच्या सांध्यांत शिजायला काही नसतंच. आपला कोंबडा आठ महिने बांध उकरत फिरलेला. आमच्या आईकडे फ्रीज नव्हता, ती लगेच चढवायची आणि दोन तास चुलीपाशी बसायची. तू सकाळी कापून, झाकून, रात्रीपर्यंत फ्रीजमध्ये ठेव. पावसाळी हवेत ओट्यावर मात्र ठेवू नकोस.

जाड बुडाच्या पातेल्यात थोडं तेल, चिरलेला कांदा, आलं-लसूण, हळद, मीठ. त्यावर फोडी परतायच्या, पाणी न घालता. झाकणाच्या ताटात पाणी ठेवायचं, फोडींना आपलं पाणी सुटतं. ते आटत आलं की ताटातलं तापलेलं पाणी आत, ताटात नवं. मंद आचेवर असं तास-सव्वा तास, जून असेल तर दोन तास. मांडीची फोड बोटानं दाबून हाडापासून सुटली की झालं. कुकर वर्ज्य नाही, चुलीचं कौतुक मला शहरातल्या हॉटेलांएवढं नाही. पण शिट्टी झाल्यावर वाफ आपोआप जिरू दे.

त्यातून वाटीभर पाणी काढून मुलांना दे. ही अळणी. तिच्यात मीठ-मिरपूड सोडून काही घालायचं नाही.

वाटणाला सुकं खोबरं आणि अख्खा कांदा जाळावर भाज, थोडे तीळ, लसूण, आलं, कोथिंबीर. हे सगळं वाटून, तेल सुटेपर्यंत परतून आच कमी कर आणि मग आपला कांदा-लसूण मसाला घाल, नाहीतर जळून कडवट होतो. मग अळणीचं पाणी, मग फोडी, दोन उकळ्या. टोमॅटो नको, दही नको. पाकिटातला चिकन मसाला तर मुळीच नको, आठ महिने पाळलेल्या पाखराला दुकानाची चव कशाला? रस्सा पातळच ठेव, भाकरी चुरून खायचा आहे. बाजरीची केलीस तर उत्तम.

पिसं आणि आतडी खोल खड्ड्यात चुना टाकून पूर, वर दगड ठेव. शिजलेली हाडं कुत्र्याला घालू नकोस, फुटून घशात रुततात.

मसाल्याचा डबा भरून ठेवला आहे. शनिवारी जावईबापू लोणंदला येणार असतील तर पुढं इथवर यायला सांग, देऊन टाकते.

तुझी,
आत्या

ता. क. कलेजी-पेठा शेवटच्या दहा मिनिटांत घाल. पेठ्याच्या आतलं पिवळं अस्तर आधी सोल, ते राहिलं तर रस्सा कडू होतो.