विझलेला दिवा काय सांगतो?

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. मी मोटारीच्या वायरिंगवर लिहावे, हे कोणाला अनधिकार चर्चा वाटेल. पण गेल्या पावसाळ्यात चोर्ला घाटात जे घडले, त्यामुळे हा विषय मला शिकावा लागला.

माझ्या मामांकडे 1978 सालची अँबेसेडर आहे. या गाडीचे उत्पादन 2014 साली थांबले. त्यामुळे डॅशबोर्ड तडकल्यावर मामांनी मोडीत निघालेल्या दुसऱ्या गाडीचा आणून बसवून घेतला. पुढे एका रात्री आजीला घेऊन आम्ही गोव्याहून परतत होतो. घाट चढता चढता हेडलाइट पिवळे पडत गेले आणि कणकुंबीच्या अलीकडे गाडी बंद पडली. डायनामोचे कार्बन झिजून चार्जिंग थांबले होते, पण त्याची सूचना देणारा लाल दिवा लागलाच नव्हता. भर पावसात, काळोखात आजी दोन तास गाडीत बसून होती.

दुसऱ्या दिवशी आमच्या ओळखीच्या मिस्त्रींनी डॅशबोर्ड उघडला. लाल दिव्याची तार टेप गुंडाळून बाजूला सारलेली होती! असे का केले असावे, हे समजण्यासाठी त्या दिव्याचे काम पाहिले पाहिजे.

डॅशबोर्डवरील इतर बहुतेक दिव्यांना एका बाजूने वीज मिळते. दुसरी बाजू होल्डरमधून गाडीच्या बॉडीला जोडलेली असते. चार्जिंगचा दिवा तसा नसतो. त्याचे एक टोक किल्लीच्या स्विचला आणि दुसरे कटआउटच्या पेटीवरील ‘डी’ या टोकाला, म्हणजे डायनामोला जोडतात. इंजिन बंद असता बॅटरीची वीज दिव्यातून व डायनामोतून बॉडीकडे जाते, दिवा लागतो. डायनामो वीज देऊ लागला की दोन्ही टोकांचा दाब जवळजवळ सारखा होतो, दिवा विझतो. आम्हा वाणिज्यवाल्यांच्या भाषेत, नावे आणि जमा बाजू जुळल्या की फरक उरत नाही. हा दिवा फरक दाखवतो.

नव्या डॅशबोर्डात हा बल्ब बॉडीला जोडलेल्या होल्डरमध्ये बसवला गेला होता. साहजिकच किल्ली फिरवली की तो लागे आणि लागूनच राही. कारण न शोधता कोणीतरी तार काढून टाकली. चार्जिंग न होता 45 वॅटचे दोन हेडलाइट चालू ठेवले तर 12 व्होल्टवर साडेसात अँपिअर खर्च होतात. जमा काहीच नाही. अशाने भांडवल किती वेळ पुरणार?

डॅशबोर्ड बदलताना पुढील क्रम ठेवावा :

1. प्रथम बॅटरीचे अर्थचे टोक सोडावे आणि जुन्या तारांना चिठ्ठ्या बांधाव्यात. जुन्या तारांच्या रंगावर विसंबू नये.

2. या दिव्याचा होल्डर बॉडीपासून अलग आणि दोन तारांचा असावा. बल्ब 12 व्होल्ट, 2.2 वॅटचा चालतो.

3. एक तार किल्लीच्या स्विचला, दुसरी ‘डी’ला जोडावी. मग बॅटरी जोडावी.

4. इंजिन सुरू न करता किल्ली फिरवावी. दिवा लागलाच पाहिजे. इंजिन सुरू करून वेग वाढवल्यावर तो विझला पाहिजे. डायनामोच्या गाडीत इंजिन अगदी मंद असता तो थोडा लुकलुकला तर घाबरू नये.

डायनामोऐवजी अल्टरनेटर बसवला असेल तर अधिक जपावे. डायनामोत उरलेल्या चुंबकत्वावर काम सुरू होते. बहुतेक जुन्या अल्टरनेटरना मात्र सुरुवातीची वीज याच बल्बमधून मिळते. बल्ब उडाला तर चार्जिंग सुरू व्हायलाच अडचण येते. तेथे नुसता एलईडी लावला तरी तीच गत होते, कारण त्यातून पुरेशी वीज जात नाही.

काम संपवताना मिस्त्री म्हणाले, “दीप आरिद्रे एल्ला सरी अंतल्ल.” दिवा विझला म्हणजे सारे ठीक आहे असे नव्हे. मला आमच्या वर्गातील तेरीजपत्रक आठवले. दोन्ही बाजू जुळल्या तरी चूक आत लपून राहू शकते, हे आम्ही परीक्षेत लिहितो. विझलेला दिवाही चार्जिंग ठीक असल्याचे सांगतो किंवा बल्बच मेल्याचे. कोणते खरे, हे इंजिन सुरू होण्यापूर्वीच्या त्या एका क्षणी कळते. आता मामा किल्ली अर्धी फिरवून थांबतात, मागच्या सीटवरून आजी विचारते, “लागला का रे दिवा?” मगच गाडी निघते.