आपली मिळकत कशाशी ताडून पाहावी?



या हिवाळ्यात आरतीनंतर एका आजींचा हात हातात घेतला, तर बर्फासारखा गार! घरी हीटिंग लावतच नाहीत. पेन्शन आठवड्याला 176.45 पौंड, दुसरं उत्पन्न नाही. म्हणाल्या, "अहो डॉक्टर, गावाकडे एवढ्यात घराचा महिना निघतो. माझ्यापेक्षा गरीब कितीतरी आहेत."

रोग्याचं नुसतं वजन पाहून चालत नाही, उंचीही पाहावी लागते. मिळकतीचंही तसंच आहे. तीन गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली : पौंडाचे रुपये करू नका. भाडं, वीज, दूध आपण इथल्या भावानं घेतो.

दुसरी : सरासरीनं फसू नका. पंगतीतल्या पाच जणांची आठवड्याची मिळकत 200, 220, 250, 300 आणि 2000 पौंड धरा. सरासरी येते 594. पण चौघं तिच्या कितीतरी खाली. चढत्या क्रमानं मांडून मधला आकडा पाहा : 250. हा मध्यक. ब्रिटनमध्ये मध्यकाच्या 60 टक्क्यांहून कमी मिळकत असलेलं घर अल्प उत्पन्नाचं मानतात.

तिसरी : घरातली माणसं मोजा. जोडीदार गेला म्हणून खर्च निम्मा होत नाही; खोली एकट्यालाही तेवढीच तापवावी लागते. सरकारी हिशेबात एकट्याची गरज जोडप्याच्या सुमारे दोन तृतीयांश धरतात.

पेन्शन क्रेडिटचे आकडेही याच प्रमाणात आहेत. 2025-26 साठी आठवड्याची किमान मिळकत एकट्याला 227.10, जोडप्याला 346.60 पौंड. म्हणजे आजींना आठवड्याला 50.65 पौंड कमी पडत होते. 10,000 पौंडांपर्यंतची बचत यात धरत नाहीत, राहतं घरही नाही. पात्र असल्यास मागच्या तीन महिन्यांचे पैसेही मागता येतात.

आजींना ही भीक वाटत होती. मी विचारलं, "औषधाची चिठ्ठी तुम्ही भीक म्हणून घेता का?" त्या हसल्या आणि अर्जावर सही केली.

रविवारी आरतीनंतर मी मंदिरात बसतो. पेन्शनचं पत्र घेऊन या. बोलणं आपल्या दोघांतच राहील. व्हिसावर सरकारी मदतीची मनाई असेल, तर अर्जाआधी सल्ला जरूर घ्या. आणि ज्यांची मिळकत मध्यकाच्या वर आहे, त्यांनी एखाद्या आजी-आजोबांचा अर्ज भरून द्यावा. तीही सेवाच आहे.