मोबाइलच्या पिढ्या



मोबाइलच्या कोपऱ्यात कधी ४जी, कधी ५जी असं लिहून येतं. हे ‘जी’ काय आहे, असं मी गुरुजींना विचारलं. गुरुजी म्हणाले, “जी म्हणजे जनरेशन, म्हणजे पिढी. तुझे आजोबा, तुझे वडील आणि तू, या जशा पिढ्या, तशा मोबाइलच्याही आहेत.” मग मी माहिती गोळा केली. ती खाली देत आहे.

मोबाइल कसा बोलतो?

संक्रांतीला आपल्या येवल्यात पतंग उडतात. पतंगाला दोरा लागतो, हातात आसारी लागते. जुन्या टेलिफोनलाही तशीच तार लागायची. मोबाइलला तार नाही, कारण तो एक छोटा रेडिओच आहे. तो आपला आवाज न दिसणाऱ्या लहरींवर बसवून जवळच्या टॉवरकडे पाठवतो. एका टॉवरच्या हद्दीला ‘सेल’ म्हणतात. सेल म्हणजे मधाच्या पोळ्यातल्या घरासारखा कप्पा. आपण एस.टी.ने बोलत बोलत मनमाडला निघालो, तर एक टॉवर आपल्याला दुसऱ्याच्या हवाली करतो. आपल्याला कळतही नाही! पण अंकाई-टंकाईसारखा डोंगर आड आला, की लहरी अडतात आणि रेंज कमी होते.

पिढ्यांची ओळख

पहिली पिढी : १९७९ साली जपानमध्ये टोकियोत सुरू झाली. फक्त बोलता यायचं.

दुसरी पिढी : आवाजाचे आकडे करून पाठवू लागले. लेखी निरोपही जाऊ लागला. भारतात मोबाइल इथूनच सुरू झाला. ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीला सुखराम यांना पहिला फोन केला. तेव्हा आलेला फोन घ्यायलाही पैसे पडायचे. ते २००३ मध्ये बंद झालं.

तिसरी पिढी : भारतात २००८ साली दिल्लीत आली. फोटो आणि इंटरनेट जोरात चालू लागलं.

चौथी पिढी : २०१२ साली कोलकात्यात आली. २०१६ नंतर ती स्वस्त झाली आणि खेड्यापाड्यांत पोचली. आता कांद्याचा बाजारभाव शेतात बसून कळतो.

पाचवी पिढी : १ ऑक्टोबर २०२२ रोजी भारतात सुरू झाली. दुसरी पिढी पायवाट म्हटली, तर ही चौपदरी सडक आहे.

सहाव्या पिढीची तयारी चालू आहे. भारताने त्यासाठी २०३० साल ठरवलं आहे.

ढोल आणि झांज

मला प्रश्न पडला, की पाचवी पिढी एवढी जोरदार, तर आमच्या मळ्यात का येत नाही? गुरुजींनी सांगितलं, “लांबून वरात येते तेव्हा आधी काय ऐकू येतं? ढोल. झांज जवळ आल्यावरच ऐकू येते.” लहरींचंही तसंच आहे. सेकंदाला ७० कोटी वेळा हलणारी लहर ढोलासारखी लांब जाते, पण ओझं कमी नेते. ३३० कोटी वेळा हलणारी लहर पुष्कळ ओझं नेते, पण थोडंच अंतर जाते. २,६०० कोटी वेळा हलणारी तर भिंतीलाच अडते. या तिन्ही लहरी पाचव्या पिढीसाठी आहेत. म्हणून जास्त वेग हवा असेल तर टॉवर जवळ जवळ लागतात. ते शहरात आधी होतात. वस्तीवर घरं चार, म्हणून तिथे उशिरा होतात.

अशा बारीक लहरींवर जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ च्या सुमारास कोलकात्यातच प्रयोग केले होते. तारेशिवाय त्यांनी लांबची घंटा वाजवून दाखवली होती.

आम्हाला काय वाटतं?

२०२० साली करोनामुळे शाळा बंद झाल्या. माझी ताई तेव्हा पाचवीत होती. मळ्यात रेंज नव्हती, म्हणून ती रोज पाण्याच्या टाकीवर चढून अभ्यास उतरवून घ्यायची. उन्हाचे चटके बसायचे. पाऊस आला की त्या दिवसाचा अभ्यास बुडायचा. गावातल्या तिच्या मैत्रिणी मात्र ओट्यावर बसून शिकायच्या. वर्ग एकच, पण टॉवर लांब, एवढाच फरक.

आजोबांचा बटणांचा फोन अजून दुसऱ्या पिढीवरच चालतो. घरात आजोबा, वडील, नातू एकत्र राहतात, तशा या पिढ्याही एकत्र नांदतात. नवी आली म्हणून जुनी लगेच काढून टाकू नये, असं मला वाटतं. आणि सहावी यायच्या आधी पाचवी वस्तीवर यावी.

करून पाहा : आपापल्या घराजवळ, विहिरीजवळ, रस्त्यावर रेंजच्या किती दांड्या दिसतात ते वहीत लिहून आणा. आपण वर्गात गावाचा रेंजचा नकाशा काढू. पालकांना विनंती, की तो नकाशा ग्रामसभेत दाखवावा.

— एक विद्यार्थी, इयत्ता ४ थी, जि. प. प्राथमिक शाळा, ता. येवला