नवरा येऊन चार आठवडे नाहीत, मग रिपोर्टवर पाच कसे?

प्रश्न : माझे मिस्टर फौजेत आहेत. १८ जूनला ते सुट्टीवर आले. ४ जुलैला यायची पाळी चुकली, म्हणून घरीच टेस्ट केली, दोन रेघा आल्या. १४ जुलैला सोनोग्राफी झाली. रिपोर्टवर '५ आठवडे ३ दिवस' लिहिलंय. मिस्टरांना येऊन तेव्हा चार आठवडेही झाले नव्हते. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण रिपोर्ट हातात घेऊन बोटांवर मोजत होत्या. तेव्हापासून मला झोप नाही. त्यात 'पिशवी आणि योक सॅक दिसते, ठोके अजून नाहीत, दहा-बारा दिवसांनी या' असं सांगितलंय. मळमळही होत नाही. बाळ ठीक असेल ना? खाण्यापिण्यात काय सांभाळू?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : रिपोर्ट बरोबर आहे आणि तुम्हीही बरोबर आहात. डॉक्टर गरोदरपणाचे दिवस शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून धरतात. तुमच्या तारखांवरून ती पाळी ६ जूनला आली असणार. ६ जून ते १४ जुलै म्हणजे ३८ दिवस, अर्थात ५ आठवडे ३ दिवस. दर २८ दिवसांनी पाळी येणाऱ्या बाईचं बीज साधारण चौदाव्या दिवशी सुटतं. तुमचं ते २० जूनच्या आसपास सुटलं, आणि तुमचे पती १८ जूनला घरी आलेले होते. म्हणजे रिपोर्टवरच्या पहिल्या दोन आठवड्यांत पोटात गर्भ नव्हताच. तरीही ते मोजणीत धरले जातात.

असं का? कारण गर्भ नेमका कधी राहिला हे सहसा कुणालाच सांगता येत नाही, पाळीची तारीख मात्र बाईच्या लक्षात असते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हायडेलबर्गच्या फ्रान्झ नेगेले या प्रसूतितज्ज्ञांनी रूढ केलेला हिशेब आजही चालतो : पाळीच्या तारखेत नऊ महिने आणि सात दिवस मिळवा. तुमची तारीख त्यावरून १३ मार्च येते. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात तर बीज कोणत्या दिवशी फळलं हे प्रयोगशाळेत लिहून ठेवलेलं असतं. तिथेही डॉक्टर त्यात दोन आठवडे मिळवूनच गरोदरपण मोजतात.

तुमच्या घरात सध्या तीन मोजण्या चालू आहेत. डॉक्टरांची शेवटच्या पाळीपासून, तुमची पती आल्या दिवसापासून, आणि सासूबाईंची बहुधा पाळी चुकल्यापासून, कारण जुन्या बायका महिने तसेच धरत. या गोंधळापायी सुनेकडे संशयाने पाहिलं जातं, हे मला फार लागतं. तुम्ही गप्प राहू नका. कॅलेंडर काढा, ६ जूनवर खूण करा आणि सासूबाईंसमोरच आठवडे मोजा. पुढच्या तपासणीला त्यांना सोबत नेता आलं तर आणखी चांगलं. मोजणी कुठून धरली, हे डॉक्टर त्यांना अर्ध्या मिनिटात सांगतील.

आता ठोक्यांबद्दल. आतून केलेल्या सोनोग्राफीत पाच आठवड्यांच्या सुमारास गर्भाची पिशवी दिसू लागते. साडेपाचच्या आसपास तिच्यात योक सॅक दिसते. काळ्या पिशवीच्या आत ते एक पांढऱ्या कडेचं इवलंसं कडं असतं. वार तयार होईपर्यंत गर्भाच्या पोषणाचं बरंचसं काम तिच्याकडे असतं. त्या कड्याला लागून तांदळाच्या कणीएवढा गर्भ आणि त्याची धडधड दिसते ती साधारण सहा आठवड्यांना, कधी थोडी पुढेही. म्हणजे १४ जुलैला जे दिसायला हवं होतं ते दिसलं आहे. योक सॅक गर्भाशयात दिसल्यामुळे गर्भ नळीत अडकल्याची भीतीही जवळजवळ मिटली.

इथे सगळ्याच वाचकांना एक कळकळीने सांगते. ठोके दिसले नाहीत म्हणून पहिल्याच सोनोग्राफीवर पिशवी साफ करायचा निर्णय घाईने घेऊ नका. गर्भाची लांबी ७ मिलिमीटर किंवा जास्त असून ठोके नसतील, किंवा पिशवी सरासरी २५ मिलिमीटर किंवा त्याहून मोठी होऊनही आत गर्भ नसेल, तरच गर्भ वाढत नाही असं खात्रीने म्हणता येतं. माप त्याहून कमी असेल तर थांबून पुन्हा बघायचं असतं. ज्यांची पाळी ३५-४० दिवसांनी येते त्यांचं बीजच उशिरा सुटतं, त्यामुळे तारखेने सहा आठवडे झाले तरी गर्भ पाचाचाच असू शकतो. तुम्हाला 'परत या' म्हणाले, ते योग्यच केलं.

मळमळ अनेकींना सहाव्या आठवड्यानंतर सुरू होते आणि नवव्या-दहाव्याला जोर धरते. तुमची वेळ अजून यायची आहे. ती आलीच नाही तरी बाळात काही खोट आहे असं नाही. गर्भाकडून आईच्या रक्तात येणारं जीडीएफ-१५ नावाचं संप्रेरक या उलट्यांमागे आहे, असं २०२३च्या अखेरीस 'नेचर'मध्ये छापून आलेल्या संशोधनातून दिसलं. ज्या बायकांच्या शरीराला त्याची आधीपासून सवय असते त्यांना त्रास कमी होतो. म्हणजे जिला सकाळी अंथरुणावरून उठवत नाही, ती नाटकं करत नसते. पाणीही टिकत नसेल, लघवी कमी आणि गडद होत असेल, तर सलाईन लावावं लागतं. 'डोहाळेच ते' म्हणून अंगावर काढू नये.

खाण्याचं थोडक्यात. पिकलेली पपई बेताने खाल्ली तर चालते. चीक असतो तो कच्च्या पपईत, ती टाळा. घरात मिश्री लावायची सवय असेल तर ती आजच बंद करा. ती तंबाखूच आहे आणि तिने बाळाचं वजन घटतं. डॉक्टरांना न विचारता कुठलीही गोळी नको. फॉलिक अॅसिड मात्र एक दिवसही चुकवू नका. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून घडतात ती तुमच्या मोजणीच्या सहाव्या आठवड्यापर्यंत मिटते, म्हणून खरं तर ही गोळी दिवस राहण्याआधीपासूनच घ्यायची असते. अजून सुरू नसेल तर आशाताईंना विचारा, सरकारी आरोग्य केंद्रात मिळते. लोहाच्या गोळ्या साधारणपणे तीन महिन्यांनंतर.

पहिल्या तीन महिन्यांत चारपैकी एकीला थोडाफार डाग दिसतो, आणि त्यातल्या बऱ्याच जणींचं गरोदरपण पुढे नीट पार पडतं. गर्भपात झालाच, तर निम्म्या वेळा कारण गर्भाच्या गुणसूत्रांतच असतं. कळशी उचलली, जिना चढला यांना दोष देऊ नका. गर्भ टिकावा म्हणून अंथरुणाला खिळून राहिल्याचा उपयोग होतो, असंही दिसलेलं नाही.

डाग दिसला तर डॉक्टरांना कळवा. तुमचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर तेही सांगा, इंजेक्शन लागू शकतं. तासाला पॅड भिजत असेल, ताप असेल, तर थेट दवाखाना गाठा. ज्यांची सोनोग्राफी अजून झालेली नाही त्यांना एका बाजूला ओटीपोटात तीव्र कळ आली, खांद्याच्या टोकाला दुखू लागलं किंवा चक्कर येऊन अंधारी आली, तर गर्भ नळीत असू शकतो. नळी फुटली की पोटात रक्तस्राव होतो. अशा वेळी सकाळची वाट बघू नका, १०८ला फोन करा.