१४१०१९५६ : एका संख्येचा अभ्यास

दि. १४ ऑक्टोबर १९५६ ही तारीख आपल्या वसतिगृहातील लहानात लहान विद्यार्थ्यालाही मुखोद्गत असते. त्या दिवशी नागपूरच्या दीक्षाभूमीवर बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भिक्खू चंद्रमणी महास्थवीर यांच्याकडून धम्मदीक्षा घेतली आणि नंतर लाखो अनुयायांना स्वतः २२ प्रतिज्ञा दिल्या. ही तारीख सलग अंकांत लिहिली की १४१०१९५६ ही आठ अंकी संख्या मिळते.

एकदा वर्गात एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, या अंकांची बेरीज २७ येते, आणि २ व ७ मिळून ९. नऊ हा शुभ अंक म्हणून बाबासाहेबांनी हा दिवस निवडला का?” मी इतिहासाचा शिक्षक, तरीही उत्तराचा आरंभ गणितानेच करावा असे मला वाटले.

अंकांची बेरीज ९ ने विभाज्य असेल, तर संख्याही ९ ने विभाज्य असते. १० म्हणजे ९ अधिक १, १०० म्हणजे ९९ अधिक १, १००० म्हणजे ९९९ अधिक १. नवाचे पट बाजूला काढले की प्रत्येक स्थानी केवळ तो अंक उरतो. ही सारी करणी आपल्या दशमान पद्धतीची आहे.

शेवटचे दोन अंक ५६. ते ४ ने विभाज्य, म्हणून संख्याही ४ ने विभाज्य. एकाआड एक अंक मिळविले, तर १+१+१+५ = ८ आणि ४+०+९+६ = १९; फरक ११, म्हणून संख्या ११ नेही विभाज्य. ४, ९ व ११ यांचा गुणाकार ३९६. त्याने भागल्यास ३५६११ येतात. येथे सोप्या कसोट्या संपतात. मुले एकेक मूळ संख्या घेऊन भागत गेली. १४९ ला भाग निःशेष गेला आणि २३९ मिळाले.

१४१०१९५६ = २×२×३×३×११×१४९×२३९

मग मी मुलांना त्याच महिन्यातील इतर तारखा तपासायला सांगितल्या. ५ आणि २३ ऑक्टोबरच्या संख्याही ९ ने विभाज्य निघाल्या. वर्ष आधी लिहून १९५६१०१४ अशी मांडणी केली, तर ४ ची विभाज्यता नाहीशी झाली. बाबासाहेबांची जन्मतारीख १४०४१८९१. अंकांची बेरीज २८, म्हणजे ९ ने भागल्यास बाकी १. त्यामुळे त्यांच्या कार्यात काय उणे झाले?

यानंतर इतिहासाची पाळी आली. दि. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. त्यानंतर २१ वर्षे त्यांनी अभ्यास व चिंतन केले आणि अशोक विजयादशमीचा दिवस दीक्षेसाठी निवडला. त्या तारखेचा अर्थ या २१ वर्षांत आहे.

आज गाडीचा क्रमांक, लग्नाची तारीख, बाळाच्या नावातील अक्षरे अंकज्योतिषाला विचारून ठरविणारी कुटुंबे आपल्यातही दिसतात. कालामांना तथागतांनी सांगितले होते की, परंपरा आहे किंवा सांगणारा आदरणीय आहे एवढ्यावरून काही स्वीकारू नये. स्वतः पारखून पाहावे. माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी आपल्या मुलांसह घरी एक वही घ्यावी, आपापली जन्मतारीख लिहावी आणि तिचे मूळ अवयव काढावेत. त्यात भविष्य सापडणार नाही. भागाकार मात्र पक्का होईल, आणि पारखून पाहण्याची सवय मुलांना लागेल.

नमो बुद्धाय! जय भीम!