अडीच लाखांवर सही करण्याआधी

प्रश्न : माझे पती गवंडीकाम करतात, वय ३८. चार महिन्यांपूर्वी संगमनेरहून मोटारसायकलवर सिन्नरला परत येत असताना मागून आलेल्या मालट्रकने त्यांना उडवले. उजव्या पायाचे हाड दोन ठिकाणी मोडले, आत रॉड आहे, गुडघा पूर्ण वाकत नाही. डोक्याला काही लागले नाही, पण त्यांनी हेल्मेट घातले नव्हते. लायसन्स होते. ट्रकचालकावर गुन्हा दाखल झाला आहे. ट्रक गुजरात पासिंगचा आहे. मेडिक्लेममधून साठ हजार मिळाले, बाकी सगळा खर्च उसनवारीवर झाला. त्यांना सांभाळायला मी माळेगाव एमआयडीसीतले पॅकिंगचे काम सोडले. विमा कंपनीतर्फे एक जण घरी येऊन गेला. तो म्हणतो, ‘कायद्यात अडीच लाख बसतात, सही करा, पैसे लगेच जमा होतील.’ दवाखान्यात भेटलेला एक एजंट म्हणतो, ‘कोर्टातून पंचवीस लाख काढून देतो, तिसरा हिस्सा माझा.’ यांची हजेरी रोख मिळायची, कमाईचा कागद एकही नाही. आम्ही काय करावे?
— एक वाचक भगिनी, ता. सिन्नर

उत्तर : ताई, आधी एवढे करा : त्या अडीच लाखांच्या कागदावर तुम्हीही सही करू नका आणि पतींनाही करू देऊ नका.

घरी आलेला माणूस आकडा खोटा सांगत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ नुसार गंभीर दुखापतीला अडीच लाख आणि मृत्यूला पाच लाख रुपये भरपाई आहे आणि त्यासाठी चूक कोणाची हे सिद्ध करावे लागत नाही. २०१९ च्या दुरुस्तीत आलेली ही तरतूद १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. अपघात कसा झाला हे सांगणारा कोणीच नसेल, तर तिचा मोठा आधार होतो. पण त्याने न सांगितलेली गोष्ट कलम १६६ मध्ये आहे. विमा कंपनीशी कलम १४९ च्या पद्धतीने तडजोड करून ही रक्कम स्वीकारली, की न्यायाधिकरणातला दावा तिथेच संपतो. मग गुडघा कायमचा आखडला तरी पुन्हा मागायला जागा उरत नाही. मागून धडक, चालकावर गुन्हा, हाताशी पंचनामा अशी तुमची बाजू भक्कम आहे. तुमचा रस्ता कलम १६६ चा, म्हणजे चालकाचा निष्काळजीपणा दाखवून पूर्ण भरपाई मागण्याचा. इथे फौजदारी खटल्यासारखा कडक पुरावा लागत नाही. अपघात असाच घडला असण्याची शक्यता जास्त आहे, इतके दिसले तरी पुरते.

पूर्ण भरपाई किती, याचे उत्तर जखमेत कमी आणि तुमच्या पतींच्या कामात जास्त आहे. सर्वोच्च न्यायालयाने ‘राजकुमार वि. अजयकुमार’ या २०१० च्या निकालात हे फार स्पष्ट केले आहे. दाखल्यावर पायाचे अपंगत्व ४० टक्के लिहिले म्हणजे कमाई ४० टक्केच बुडाली, असे होत नाही. कारकुनाचा गुडघा आखडला तर तो खुर्चीत बसून तेच काम करील. गवंड्याला परांचीवर चढायचे असते, उकिडवे बसून फरशी लावायची असते. त्याच गुडघ्याने त्याचा अर्ध्याहून अधिक धंदा बुडू शकतो. आणि उलटेही होते : विमा कंपनीचे वकील म्हणतील, ४० टक्के हे एका पायाचे आहेत, सगळ्या शरीराचे धरले तर २०च भरतात.

आकडे मांडून पाहू. हजेरी ८०० रुपये आणि महिन्याला २५ दिवस काम धरले तर महिन्याचे २० हजार, वर्षाचे २ लाख ४० हजार. वय ४० च्या आत आणि पगारी कायम नोकरी नाही, म्हणून पुढे वाढणाऱ्या कमाईपोटी ४० टक्के मिळवायचे (हे प्रमाण २०१७ च्या ‘प्रणय सेठी’ निकालाने ठरवून दिले आहे). झाले ३ लाख ३६ हजार. ३६ ते ४० वयाला गुणक १५, तो २००९ च्या ‘सरला वर्मा’ निकालातून येतो. गुणाकार ५० लाख ४० हजार. कमाईची क्षमता ६० टक्के गेली असे न्यायाधिकरणाला पटले, तर या एकाच बाबीचे ३० लाख २४ हजार होतात. आता हाच हिशेब कमाई १२ हजार आणि नुकसान २० टक्के धरून करा. उत्तर ६ लाख ४ हजार ८०० येते. अपघात तोच, पाय तोच. सहा लाख आणि तीस लाख यांतले अंतर पुराव्याचे आहे. म्हणून एजंटचा पंचवीस लाखांचा शब्दही आज कोणी देऊ शकत नाही.

तेव्हा कमाईचा कागद नाही म्हणून हात टेकू नका. पती ज्यांच्याकडे काम करत होते तो ठेकेदार साक्षीला येईल का, ते आजच विचारा. गेल्या दोन वर्षांत ज्यांची घरे बांधली त्यांच्यापैकी एक-दोघे आले तर फारच चांगले. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी असेल तर ते ओळखपत्र आणि नोंदणीसाठी घेतलेला ९० दिवस काम केल्याचा दाखला शोधा. पासबुकातल्या नोंदी आणि मोबाइलवर आलेली हजेरी यांची छापील प्रत काढून ठेवा. यातले काहीच मिळाले नाही तरी उत्पन्न शून्य धरले जात नाही. किमान वेतनाच्या दरांचा आधार घेऊन न्यायालये अंदाज बांधतात, पण तो बहुधा खऱ्या हजेरीपेक्षा कमी भरतो.

अपंगत्वाचा दाखला उपचार स्थिरावल्यावर घ्या, जिल्हा रुग्णालयाकडून घेतलात तर उत्तम. नुसता दाखला जोडून भागत नाही. डॉक्टरांनी साक्षीत सांगावे लागते, की या माणसाला आता परांचीवर चढता येणार नाही, ओझे उचलता येणार नाही. अनेक दावे इथेच निम्मे होताना मी पाहिले आहेत. डॉक्टरांना बोलावण्याचा कंटाळा केला जातो आणि टक्के तसेच कागदावर पडून राहतात. तुमच्या वकिलांना पहिल्या भेटीतच विचारा, डॉक्टरांची साक्ष कधी घेणार?

बाकीच्या मागण्या : औषधे व दवाखान्याची मूळ बिले, रॉड काढायचा असेल तर त्या शस्त्रक्रियेच्या खर्चाचे डॉक्टरांचे लेखी अंदाजपत्रक, घरी बसलेल्या महिन्यांची हजेरी, जाण्यायेण्याचा खर्च, वेदना, आणि आयुष्यातल्या गमावलेल्या सुखसोयी. तुम्ही काम सोडून केलेल्या शुश्रूषेचाही मोबदला मागता येतो. तो आवर्जून मागा. बायकोने केलेली सेवा फुकट धरायची सवय आपल्या घरांना आहे, कायद्याला ती मान्य नाही. मेडिक्लेमच्या साठ हजारांची वजावट विमा कंपनी मागेल. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये ठरवले आहे, की मेडिक्लेम तुम्ही हप्ते भरून घेतलेला असतो, म्हणून ती रक्कम भरपाईतून कापता येत नाही.

हेल्मेटचे म्हणाल, तर ते न घालणे गुन्हा आहेच. पण भरपाई कापायची तर त्या चुकीचा दुखापतीशी संबंध दाखवावा लागतो. पाय मोडण्याशी हेल्मेटचा काय संबंध? हा मुद्दा पुढे करून कोणी तडजोडीची रक्कम पाडू पाहत असेल, तर घाबरू नका.

ट्रक गुजरातचा आहे म्हणून तिकडे जावे लागणार नाही. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे नाशिकच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा चालतो. चालक, ट्रकमालक आणि विमा कंपनी या तिघांनाही त्यात सामील करा. चालकाचे लायसन्स चालू नव्हते असे निघाले, तरी बहुतेक प्रकरणांत न्यायाधिकरण विमा कंपनीला आधी तुम्हाला पैसे द्यायला लावते आणि मग ते मालकाकडून वसूल करायची मुभा देते. पोलिसांनी अपघाताचा सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. तुमचे चार महिने झाले आहेत, तेव्हा पोलीस ठाण्यात जाऊन तो गेला का ते विचारा आणि प्रत मागा.

मुदतीचे मात्र मनावर घ्या. कायद्यात अपघातापासून सहा महिने लिहिले आहेत. ही अट सर्वोच्च न्यायालयात आव्हानाखाली आहे आणि तेवढ्या कारणाने दावे फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश नोव्हेंबर २०२५ मध्ये झाला, पण अंतरिम आदेशाच्या भरवशावर राहू नका. उरलेल्या दोन महिन्यांत दावा दाखल करा. उपचार संपायची वाट पाहायची ती तडजोडीसाठी, दाव्यासाठी नाही. शिवाय भरपाईवरचे व्याज दावा दाखल झाल्याच्या तारखेआधीचे मिळत नाही, म्हणजे उशिराचा प्रत्येक महिना तुमच्याच खिशातून जातो. पुढे लोकअदालतीत बोलणी झाली तर जरूर बसा, पण अपंगत्वाचा दाखला हातात आल्यावर. तिथे झालेल्या निवाड्यावर अपील नसते.

राहिला तो तिसऱ्या हिश्शाचा एजंट. निकालाच्या रकमेत वाटा ठरवून काम घेणे वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनीच मना आहे. एजंटचा तर प्रश्नच येत नाही. कोऱ्या कागदावर, कोऱ्या चेकवर किंवा वकीलपत्रावर त्याच्यामार्फत काहीही सही करू नका, मूळ बिले त्याच्या हाती देऊ नका. नाशिकच्या जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. कमी उत्पन्नाच्या किंवा अपंगत्व आलेल्या व्यक्तीला तिथून मोफत वकील मिळतो. अर्जासोबत एफआयआर, पंचनामा, दवाखान्याचे डिस्चार्ज कार्ड, दोघांची आधार कार्डे आणि ट्रकच्या विमा पॉलिसीची पोलिसांकडची प्रत न्या.